अपडेटनंतर दूरचा लिनक्स सर्व्हर परत येत नाही तेव्हा

सकाळी पिंपळगाव बसवंतहून फोन येतो, "ताई, काटापट्टी निघत नाही." काटापट्टी म्हणजे वजनाची पावती. लिलाव आटोपून कांद्याचे ट्रॅक्टर व्यापाऱ्याच्या खळ्यावर आलेले असतात, पहिला भुईकाट्यावर चढलेला असतो आणि मागे रांग लागलेली असते. सर्व्हर मुंबईला, मी नाशिकला गंगापूर रोडवर, आणि माल तोलणारी माणसं पिंपळगावला. तिघांना बांधणारी एकच दोरी, ती म्हणजे एसएसएच, दूरच्या सर्व्हरवर शिरण्याची सुरक्षित जोडणी. नेमकी तीच तुटलेली असते.

दर काही महिन्यांनी हीच अडचण माझ्याकडे येते. कधी खळ्याची, कधी दिंडोरीच्या एखाद्या द्राक्षांच्या पॅकहाउसची, कधी अंबडच्या छोट्या कारखान्याची. गोष्ट एकच असते: रात्री अपडेट झालं, कुणीतरी सर्व्हर रीबूट केला किंवा तो आपोआप झाला, आणि परत वर आलाच नाही. मी ज्या क्रमाने बघते तो इथे मांडते. हे सगळं डेबियन आणि उबंटूसाठी आहे. आज्ञा उच्चारानुसार देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या रोमन अक्षरांत आणि लहान लिपीतच टंकायच्या.

जोडणी जिवंत असेल तर रीबूट करू नका

हे सगळ्यात आधी सांगते, कारण मी पाहिलेले निम्म्याहून जास्त सर्व्हर इथेच वाचले असते. अपडेट मध्येच अडकलं, लाल अक्षरांत त्रुटी आल्या, आणि "एकदा रीबूट करून बघू" म्हणून बटण दाबलं. घरच्या संगणकावर ते चालून जातं. दूरच्या सर्व्हरवर मात्र आपणच आपल्या हाताने दोरी कापतो.

पॅकेज, म्हणजे सॉफ्टवेअरचा गठ्ठा, बसतं ते दोन टप्प्यांत. आधी फायली उलगडून जागेवर ठेवल्या जातात, मग ते कॉन्फिगर होतं. कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या मूळ भागाच्या, पॅकेजचं खरं काम या दुसऱ्या टप्प्यात असतं. नव्या कर्नलसाठी इनिटरॅमएफएस तयार होतं, म्हणजे मुख्य डिस्क उघडण्याआधी लागणाऱ्या ड्रायव्हरांची पोटली, आणि नंतर ग्रबच्या, म्हणजे यंत्र सुरू होताना कर्नल निवडणाऱ्या प्रोग्रामच्या, यादीत त्या कर्नलचं नाव चढतं. या दोन टप्प्यांच्या मध्ये काही तुटलं तरी सर्व्हर धडधाकट चालत राहतो, कारण जुना कर्नल मेमरीत असतो. घोटाळा दिसतो तो पुढच्या रीबूटला. म्हणून चालू असलेला, पण अर्धवट अपडेट झालेला सर्व्हर हा दुरुस्तीसाठी सर्वांत चांगल्या अवस्थेतला सर्व्हर आहे. त्याच्याकडे नेट आहे, शेल आहे, लॉग आहेत. हे सगळं असताना तो दुरुस्त करा.

डीपीकेजी आणि एपीटी ही पॅकेजेस बसवणारी साधनं. आधी कुठे काय अर्धवट आहे ते बघायचं:

डीपीकेजी --ऑडिट

मग अर्धवट राहिलेलं पूर्ण करायचं:

डीपीकेजी --कॉन्फिगर -ए
एपीटी-गेट -एफ इन्स्टॉल

पहिली आज्ञा उलगडून पडलेली पॅकेजेस कॉन्फिगर करते, दुसरी अपुऱ्या अवलंबनांची जुळणी करते. बऱ्याचदा एवढ्यावर भागतं. कुलूप लागलेलं आहे, दुसरी प्रक्रिया चालू आहे, असा संदेश आला तर कुलपाची फाइल पुसायची नाही. नेटवरच्या बऱ्याच उत्तरांत ती पुसायला सांगतात आणि ते वाचून मला खरंच काळजी वाटते. ती फाइल असते म्हणूनच दोन प्रक्रिया एकाच वेळी पॅकेजांच्या नोंदींत लिहीत नाहीत. चालू प्रक्रिया दाखवणारं 'पीएस' लावून बघा: बहुतेक वेळा पार्श्वभूमीवर अनअटेंडेड-अपग्रेड्स, म्हणजे आपोआप अपडेट करणारी सोय, चाललेलं असतं. त्याचं काम उरकू द्या.

लाइन मध्येच तुटून एसएसएच गेलं असेल तर पुन्हा लॉगिन करा आणि आधी हेच बघा, की जुनं एपीटी अजून जिवंत आहे का. जोडणी तुटताच शेलखालच्या प्रक्रियांना बंद होण्याचा सिग्नल जातो, आणि डीपीकेजी अर्ध्यात थांबलेलं असू शकतं. पावसाळ्यात वीज जाते, रस्ता खोदताना फायबर तुटते, राउटर मिनिटभर बंद पडतो. नाशिकमध्ये बसून काम करणाऱ्याने हे गृहीतच धरायला हवं. म्हणून अपडेट नेहमी टीमक्स किंवा स्क्रीनच्या आत चालवायचं. आपली लाइन गेली तरी तिकडचं काम चालू राहतं आणि परत आल्यावर त्याच पडद्याला जोडून घेता येतं. उबंटूच्या एका आवृत्तीवरून पुढच्या आवृत्तीवर नेणारं डू-रिलीज-अपग्रेड हे काम स्वतःच स्क्रीनमध्ये चालवतं, आणि एसएसएचवरून सुरू केलं तर १०२२ क्रमांकाच्या पोर्टवर दुसरा एसएसएच सर्व्हरही उघडून ठेवतं. फायरवॉलमध्ये तो पोर्ट उघडायला विसरलो तर मात्र त्याचा उपयोग नाही.

गेलाच, तर आधी नकार कसा मिळतोय ते ऐका

सर्व्हर परत येत नाही असं वाटलं की घड्याळ लावून दहा मिनिटं थांबते. प्रत्यक्ष यंत्र असेल तर मेमरीच्या तपासणीलाच काही मिनिटं जातात. मोठ्या डिस्कची फाइल-प्रणाली तपासली जात असेल तर त्याहून जास्त. या काळात होस्टिंग कंपनीच्या पॅनेलवरून पुन्हा पुन्हा वीज बंद-चालू केली तर तपासणी अर्धवट राहते आणि नवीनच दुखणं उभं राहतं.

मग एसएसएच काय म्हणतं ते नीट वाचायचं. 'कनेक्शन रिफ्यूज्ड' आलं तर आनंदाची बातमी आहे. यंत्र वर आलंय, नेट चालू आहे, फक्त एसएसएचची सेवा उभी राहिलेली नाही. 'टाइम्ड आउट' म्हणजे तिकडून कुणी बोललंच नाही: कर्नल चढला नाही, किंवा नेट उभं राहिलं नाही, किंवा फायरवॉलने अडवलं. 'परमिशन डिनाइड' आलं तर सेवाही चालू आहे, वाद फक्त किल्लीचा आहे. या तिसऱ्या प्रकाराने एकदा माझे दोन तास खाल्ले, तेव्हा कारण सांगून ठेवते. ओपनएसएसएचने २०२१ मध्ये, ८.८ या आवृत्तीपासून, शा-१ ही जुनी पद्धत वापरणाऱ्या आरएसए किल्ल्यांच्या सह्या डीफॉल्टने बंद केल्या. उबंटू २०.०४ वरून २२.०४ वर गेलो की हा बदल सर्व्हरवर येतो. तुमची किल्ली बरोबर असते, पण तुमच्या बाजूचं जुनं सॉफ्टवेअर तिने जुन्या पद्धतीची सही करतं आणि सर्व्हर ती नाकारतो. दुसऱ्या, नव्या लॅपटॉपवरून प्रयत्न करा किंवा ईडी२५५१९ प्रकारची किल्ली आधीच घालून ठेवा.

पिंगवर फार विसंबू नका. काही ठिकाणी पिंग मुद्दाम बंद ठेवलेलं असतं.

पडदा बघायला मिळाला पाहिजे

काही वर्षांपूर्वी एका गिऱ्हाईकाचा स्वतःचा सर्व्हर नवी मुंबईत महापेच्या एका डेटा सेंटरमध्ये ठेवलेला होता. दूरचा कन्सोल, म्हणजे यंत्राचा पडदा आणि कीबोर्ड दुरून वापरण्याची सोय, घेतलेला नव्हता, तो खर्च वाचवला होता. अपडेटनंतर सर्व्हर गेला. मी नाशिक रोडहून सकाळची पंचवटी एक्सप्रेस पकडली, ठाण्याला उतरले, महापेला पोहोचले, ओळखपत्र दाखवून आत गेले. तिथल्या ढकलगाडीवरचा मॉनिटर आणि कीबोर्ड त्या यंत्राला जोडला. पडद्यावर एकच ओळ होती. जुना कर्नल निवडून एंटर दाबायला एक मिनिटही लागलं नाही. त्या एका कळीसाठी खळ्यावरच्या माणसांनी दिवसभर वह्यांत वजनं लिहिली होती, आणि रात्री ती सगळी पुन्हा भरायला लागली. तेव्हापासून कन्सोल मिळत नसेल तर मी सर्व्हर घेऊच देत नाही.

भाड्याच्या आभासी सर्व्हरला बहुतेक ठिकाणी पॅनेलमध्ये व्हीएनसी किंवा सिरियल कन्सोल असतो. प्रत्यक्ष यंत्राला तेच काम आयपीएमआय, डेलचं आयड्रॅक किंवा एचपीचं आयएलओ करतं. त्याचा पासवर्ड आजच शोधून ठेवा. सर्व्हर पडल्यावर शोधायला गेलो की तो नेमका त्याच सर्व्हरवरच्या एखाद्या फायलीत सापडतो.

भरलेलं /बूट

पडद्यावर दिसणारी सगळ्यात नेहमीची ओळ ही:

कर्नल पॅनिक – नॉट सिंकिंग: व्हीएफएस: अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक(०,०)

ही ओळ भयंकर दिसते, पण बहुतेक वेळा डिस्क गेलेली नसते. नव्या कर्नलला त्याची इनिटरॅमएफएसची पोटली मिळालेली नाही, म्हणून डिस्क कशी उघडायची हे त्याला कळत नाही, एवढाच त्याचा अर्थ. पोटली का मिळाली नाही? कारण कर्नल आणि पोटल्या ठेवण्याचं /बूट हे वेगळं, छोटं पार्टिशन आहे आणि ते भरलंय. जुन्या बसवण्यांमध्ये ते २५६ किंवा ५१२ एमबीचं असतं. कर्नलची फाइल १०-१५ एमबीची, पण तिची पोटली आजकाल सहज ६० ते १०० एमबीच्या घरात जाते. तीन-चार कर्नल साठले की संपलं. अपडेटच्या लॉगमध्ये 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस' ही ओळ येऊन गेलेली असते, फक्त रात्री ती वाचायला कुणी नसतं.

कन्सोलवरून रीबूट करा. यंत्र सुरू करण्याच्या जुन्या बायोस पद्धतीत शिफ्ट दाबून धरा, नवी यूईएफआय पद्धत असेल तर एस्केप एकदा दाबा. ग्रबची यादी दिसते. 'अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये जाऊन आधीचा कर्नल निवडा. सर्व्हर वर येतो. खळ्यावर फोन करून "भाऊ, चालू करा" सांगायला हरकत नाही, पण काम संपलेलं नाही; असाच सोडला तर पुढच्या रीबूटला पुन्हा तेच.

आत आल्यावर:

डीएफ -एच /बूट
यूनेम -आर

दुसऱ्या आज्ञेत जो आकडा येतो तो चालू कर्नल. तो कागदावर लिहून घ्या, त्याला हात लावायचा नाही. मग 'एपीटी ऑटोरिमूव्ह --पर्ज' चालवून बघा. पण /बूट काठोकाठ भरलेलं असेल तर एपीटी स्वतःच अडतं: जागा करायला पॅकेज काढायचं, आणि पॅकेज काढण्याआधी अर्धवट पॅकेज पूर्ण करायचं, ज्याला जागा नाही. अशा वेळी सगळ्यात जुन्या कर्नलची इनिटआरडी फाइल, म्हणजे त्याची पोटली, /रूट खाली हलवते. पुसत नाही, हलवते. तेवढ्या मोकळ्या जागेत 'डीपीकेजी --कॉन्फिगर -ए' पार पडतं, मग 'एपीटी-गेट -एफ इन्स्टॉल', आणि त्यानंतर जुने कर्नल पॅकेजच्या रीतीने काढता येतात. ज्याची फाइल हलवली तो कर्नल आधी काढा, म्हणजे ग्रबच्या यादीत पोटली नसलेलं नाव राहणार नाही. शेवटी:

अपडेट-इनिटरॅमएफएस -सी -के (नव्या कर्नलचा पूर्ण आकडा)
अपडेट-ग्रब
एलएस -एलएच /बूट

शेवटच्या यादीत प्रत्येक व्हीएमलिनझला, म्हणजे कर्नलच्या फाइलला, त्याच आकड्याची इनिटआरडी जोडीला आहे का, आणि ती शून्य बाइटची किंवा इतरांच्या मानाने फारच लहान तर नाही ना, हे डोळ्यांनी मोजायचं. जोड्या जुळल्याशिवाय रीबूट नाही.

ग्रबच तुटलं असेल

यादीच येत नाही, 'ग्रब रेस्क्यू' असं लिहून कर्सर लुकलुकतो. याचं एक कारण फार लोकांना माहीत नसतं. बायोस पद्धतीत ग्रबचा गाभा डिस्कच्या सुरुवातीला असतो आणि त्याचे बाकीचे भाग /बूट/ग्रब मध्ये. अपडेट होताना दोन्ही नवे व्हायला हवेत. पण सर्व्हर एखाद्या तयार डिस्क-प्रतिमेवरून (इमेज) बनवलेला असेल किंवा त्याची डिस्क कधी बदलली असेल, तर गाभा कुठल्या डिस्कवर लिहायचा याची नोंद जुन्याच डिस्कची राहते. मग भाग नवे, गाभा जुना, आणि दोघांचं पटत नाही. २०२० च्या जुलैत बूटहोल नावाच्या सुरक्षा-त्रुटीसाठी ग्रबचं अपडेट आलं, तेव्हा कित्येक सर्व्हरांवर 'सिंबल ग्रब_कॅलॉक नॉट फाउंड' ही ओळ याच कारणाने दिसली. उपाय म्हणजे खऱ्या डिस्कवर ग्रब-इन्स्टॉल, आणि 'डीपीकेजी-रीकॉन्फिगर ग्रब-पीसी' चालवून नोंद सुधारणं. त्यासाठी रेस्क्यू मोड लागतो.

पॅनेलमधून रेस्क्यू मोड निवडला की सर्व्हर दुसऱ्याच एका छोट्या लिनक्सवर चढतो आणि तुमची डिस्क बाजूला पडून असते. 'एलएसबीएलके -एफ' लावून मुळाचं पार्टिशन ओळखा. एलव्हीएम, म्हणजे डिस्कची जागा लवचीकपणे वाटणारी पद्धत, असेल तर आधी 'व्हीजीचेंज -एवाय'. ते पार्टिशन /एमएनटी वर चढवा (माउंट करा), /बूट वेगळं असेल तर ते /एमएनटी/बूट वर, यूईएफआयचं असेल तर तेही /एमएनटी/बूट/ईएफआय वर. मग /देव, /प्रॉक, /सिस आणि /रन ही चारही बाइंड पद्धतीने आत चढवा आणि 'सीएचरूट /एमएनटी' करा. आता तुम्ही तुमच्याच सर्व्हरच्या आत उभे आहात आणि वरच्या सगळ्या दुरुस्त्या चालतात. /बूट चढवायला विसरणं ही इथली नेहमीची चूक. मग नवी इनिटआरडी मुळाच्या पार्टिशनवरच्या रिकाम्या फोल्डरमध्ये जाते, सगळं व्यवस्थित झालं असं दिसतं, आणि रीबूटनंतर तोच पॅनिक समोर येतो. आत यूनेमचा आकडा रेस्क्यूच्या कर्नलचा येतो हेही लक्षात ठेवा. तुमच्या कर्नलचा आकडा /बूट मधल्या फायलींवरून घ्या.

वर आला, पण नेट नाही

कन्सोलवर लॉगिनची ओळ दिसते, बाहेरून मात्र शांतता. 'आयपी ए' लावून इंटरफेसचं नाव बघा. मोठ्या अपडेटनंतर नाव बदलल्याचं मी अनेकदा पाहिलंय. कॉन्फिगरेशनमध्ये ईटीएच० आणि यंत्रावर ईएनएस३. उबंटूवर नेटची मांडणी ठरवणाऱ्या नेटप्लॅनच्या फायलीत नाव सुधारून 'नेटप्लॅन ट्राय' चालवा, 'अप्लाय' नव्हे. ट्राय १२० सेकंद वाट बघतं, तुम्ही होकार दिला नाही तर जुनी मांडणी परत आणतं. दुरून काम करणाऱ्यासाठी यासारखी सोय नाही.

'इमर्जन्सी मोड' आला तर बहुधा /ईटीसी/एफएसटॅब या चढवायच्या डिस्कांच्या यादीत अशा डिस्कचं नाव आहे जी आता सापडत नाही. सेवा सुरू करणारं सिस्टमडी ९० सेकंद वाट बघतं आणि हात टेकतं. बॅकअपच्या किंवा जादा डिस्कच्या ओळीत 'नोफेल' लिहून ठेवलं तर ती डिस्क नसतानाही सर्व्हर चढतो. डेबियनवर रूटचं खातं बंद ठेवलेलं असेल तर इमर्जन्सी मोडमध्ये शिरताच येत नाही. तेव्हा पुन्हा रेस्क्यूचाच रस्ता.

एसएसएचची सेवा उभी राहत नसेल तर 'एसएसएचडी -टी' चूक कुठल्या ओळीत आहे ते सांगतं. ही आज्ञा मी आता प्रत्येक अपडेटनंतर, रीबूटच्या आधी चालवते.

पुढच्या वेळेसाठी मी काय करून ठेवते

अपडेटच्या आधी स्नॅपशॉट, म्हणजे डिस्कची त्या क्षणाची प्रत. दुसरी एसएसएच जोडणी उघडी. लिलावाला सुट्टी असेल त्याच दिवशी रीबूट, आणि तोही मी जागी असताना. अनअटेंडेड-अपग्रेड्सना अपडेट करू देते, पण आपोआप रीबूट बंद ठेवते आणि न लागणारे कर्नल काढण्याची सोय चालू ठेवते.

आणि नव्या कर्नलला पहिल्यांदा एकदाच संधी देते. ग्रबच्या कॉन्फिगरेशनमध्ये डीफॉल्ट 'सेव्ह्ड' ठेवायचं, 'ग्रब-सेट-डीफॉल्ट' लावून जुना, भरवशाचा कर्नल नेमायचा, कर्नलच्या ओळीत 'पॅनिक=१०' जोडायचं, अपडेट-ग्रब करायचं. मग 'ग्रब-रीबूट' लावून नवा कर्नल फक्त पुढच्या एका वेळेसाठी निवडायचा. तो चढला तर उत्तम. पॅनिक झाला तर दहा सेकंदांनी यंत्र आपोआप रीबूट होतं आणि जुन्यावर परत येतं, कन्सोलला हात न लावता. एक खबरदारी: /बूट एलव्हीएमवर किंवा सॉफ्टवेअर रेडवर (अनेक डिस्क एकत्र जोडण्याची पद्धत) असेल तर ग्रबला चढताना तिथे लिहिता येत नाही, त्यामुळे 'एकदाच'ची खूण पुसली जात नाही आणि सर्व्हर त्याच बिघडलेल्या कर्नलवर फिरत राहतो. साध्या पार्टिशनवर /बूट असेल तरच हे वापरा.

पोस्टग्रेस हा डेटाबेस असेल तर आणखी एक गोष्ट. उबंटूची आवृत्ती बदलली की पोस्टग्रेसची नवी आवृत्ती जुनीच्या शेजारी बसते आणि सहसा ५४३३ पोर्टवर उभी राहते, रिकामी. जुना डेटा जुन्याच जागी असतो. तो पीजी_अपग्रेडक्लस्टरने हलवेपर्यंत जुनं पॅकेज काढू नका, आणि अपग्रेड शेवटी कालबाह्य पॅकेजेस काढू का असं विचारतं तेव्हा यादी वाचल्याशिवाय हो म्हणू नका.

सर्व्हर वर आला की 'सिस्टमसीटीएल --फेल्ड' रिकामं आहे का ते बघते आणि पिंपळगावला फोन लावते. एक पट्टी काढून बघायला सांगते. "निघाली ताई," एवढं उत्तर मला पुरत नाही. तिच्यावरचा क्रमांक वाचायला सांगते, आणि तो कालच्या शेवटच्या पट्टीच्या पुढचाच आहे ना, हे वहीशी ताडून घेते.